सांगलीतल्या भट्टीचे साधे खारे चिरमुरे : कडक डोहाळ्यात खाऊन लिहितेय

मारुती रोडवरून आतल्या गल्लीत वळलं की एक चिरमुऱ्याची भट्टी आहे. बोर्ड नाही, सगळे नुसतं भट्टी म्हणतात, त्यामुळे नाव काय लिहायचं ते मलाही माहीत नाही. तिथले साधे खारे चिरमुरे. मागच्या वर्षी मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत मी जवळजवळ या चिरमुऱ्यांवरच होते आणि तेव्हापासून मनात होतं की बाळ झालं, जरा हात मोकळा झाला की यावर नीट लिहायचं. पाचपैकी साडेचार स्टार देते, अर्धा का कापला ते पुढं येईल.

आधी माझी परिस्थिती सांगते नाहीतर चिरमुऱ्यावर एवढं काय लिहायचं असं वाटेल. मला सहाव्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या आणि आठव्या आठवड्यापर्यंत दिवसाला पंधरा-वीस वेळा. खाल्लेलं पडायचं, मग पाणी पडायचं, मग पिवळंहिरवं पित्त, आणि पोटात काहीच उरलं नाही की नुसते कोरडे उमासे, त्यात बरगड्या इतक्या दुखायच्या की कुशीवर वळता यायचं नाही. तोंडात लाळ इतकी की गिळली की परत मळमळ, म्हणून उशाशी एक झाकणाचा डबा ठेवला होता थुंकायला. घरातले म्हणायचे डोहाळे कडक लागलेत. सासूबाई म्हणाल्या आमच्या वेळी पण होतं, तरी आम्ही भांगलायला जात होतो. त्या वाईट बोलल्या असं नाही, त्यांनी जे बघितलं होतं ते त्या सांगत होत्या, पण मला त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून रडू आलं कारण मी खरंच उठू शकत नव्हते आणि मलाच वाटायला लागलं की मी नाटक करते की काय.

सगळ्यात वाईट म्हणजे वास. आमचं घर मार्केट यार्डापासून जवळ. फेब्रुवारीत नवी हळद यायला लागते, सौदे सुरू होतात, वारा इकडं फिरला की घरभर हळदीचा वास. लग्न होऊन आले तेव्हा हा वास मला फार आवडायचा, माझ्या माहेरी तासगावकडं द्राक्षाच्या बागा आणि बेदाण्याची शेड, हळदीचं एवढं नव्हतं. आणि मागच्या वर्षी त्याच वासानं मी खिडक्या बंद करून, नाकावर ओली ओढणी धरून पडलेली. कुकरची शिट्टी झाली की उलटी, फ्रीज उघडला की उलटी, यांच्या साबणाचा वास आला की उलटी, भात शिजतानाचा वास तर नकोच नको. लसणाची फोडणी शेजारच्या घरात पडली तरी मला कळायचं.

आणि सांगलीत कुणी भेटायला आलं की काय आणतं, भडंग. लसूण, मसाला, तेल, शेंगदाणे. एरवी मी भडंगावर जीव टाकते पण तेव्हा पुडा हॉलमध्ये फोडला तरी मला आतल्या खोलीत उमासा यायचा. म्हणून आधीच सांगते, हे सगळं साध्या चिरमुऱ्याबद्दल आहे, भडंगाबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नका आणि असल्या बाईला भेटायला जाताना भडंग नेऊ नका.

आलं पण सगळ्यांनी सांगितलं. आमचे एक पाहुणे साताऱ्याकडचे, त्यांच्याकडं आल्याचं पीक असतं, त्यांनी एवढ्या मायेनं आलेपाक करून पाठवला. साधी मळमळ असेल तर आल्याचा उपयोग होतो, माझ्या जावेला झालेला. पण दिवसातून वीस उलट्यांनी घसा सोललेला असताना आलं म्हणजे नुसती आग, आणि परत येताना दुप्पट आग. ज्यांना असं झालंय त्यांना आलं खा, लिंबू हुंग सांगू नका, त्यांनी ते पहिल्याच आठवड्यात करून बघितलेलं असतं.

ज्या दवाखान्यात मी आधी जात होते तिथं दोनदा सांगितलं की हे होतंच, चौथ्या महिन्यात थांबेल, थोडं थोडं खात जा. वजन केलं नाही, लघवी तपासली नाही. तिसऱ्या वेळी मी जिन्यात चक्कर येऊन बसले तेव्हा हे मला मिरजेला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. त्यांनी पहिलं काम काय केलं तर काट्यावर उभं केलं. लग्नाच्या वेळेपासून माझं वजन ५२ किलो, काटा ४७.५ दाखवत होता. त्या म्हणाल्या आधीच्या वजनाच्या ५ टक्के कमी झालं की आम्ही याला साधी मळमळ म्हणत नाही, तुझे ५ टक्के म्हणजे २.६ किलो, तुझे साडेचार किलो गेलेत. मग लघवीत पट्टी बुडवली, पट्टीचा रंग गडद जांभळा. किटोन. म्हणजे पोटात काही जात नाही म्हणून शरीर स्वतःची चरबी जाळतंय. त्या म्हणाल्या याला हायपरएमेसिस म्हणतात, शंभर बायकांत फार तर दोन-तीन जणींना होतो, हा आजार आहे, डोहाळे नाहीत. त्या एका वाक्यानं मला जेवढा आधार वाटला तेवढा त्या महिनाभरात कशानंच वाटला नव्हता.

तीन दिवस ॲडमिट. शिरा आत गेलेल्या, सुई लावायला सिस्टरांना चार ठिकाणी टोचावं लागलं. एक गोष्ट मुद्दाम लिहिते कारण हे घरी सलाईन लावून घेणाऱ्यांना माहीत पाहिजे. त्यांनी ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी बी-१ जीवनसत्त्वाचं म्हणजे थायमिनचं इंजेक्शन दिलं. मी विचारलं तर म्हणाल्या इतके दिवस उपाशी असलेल्याच्या अंगात बी-१ संपलेलं असतं, त्यात नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला धोका होऊ शकतो. आमच्या गल्लीत कितीतरी जणी कंपाउंडरला घरी बोलावून ग्लुकोज चढवून घेतात, अशक्तपणा आलाय म्हणून. कृपा करून असं करू नका, ओळखीतल्या कुणाच्या पोरीला उलट्या थांबत नसतील तर आधी नीट दवाखाना.

मळमळीवरची गोळी डॉक्सिलामाईन आणि बी-६ जीवनसत्त्वाची, १० आणि १० मिलिग्रॅम, रात्री झोपताना. सासूबाई घाबरल्या, पोटात पोर असताना गोळ्या कशाला म्हणून. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं की याच जातीची गोळी अमेरिकेत १९५६ साली आली, मग कोर्टकज्ज्यामुळं कंपनीनं १९८३ साली बंद केली, पण नंतर कितीतरी अभ्यास होऊन बाळाला धोका सापडला नाही म्हणून २०१३ साली तिथल्या सरकारी खात्यानं परत मंजूर केली. सासूबाई गप्प ऐकत होत्या, मग म्हणाल्या मग एवढी वर्षं आमच्या बायकांनी सोसलं कशाला. त्या दिवसापासून त्यांनी फोडणीचा स्वयंपाक मागच्या अंगणात चुलीवर हलवला, उन्हाळ्यात, मेपर्यंत. हे मी आयुष्यात विसरणार नाही.

आयर्नच्या गोळ्या पण त्यांनी तेवढ्यापुरत्या बंद केल्या आणि नुसतं फॉलिक ॲसिड ठेवलं. आयर्ननं मळमळ वाढते हे मला कुणी बोललंच नव्हतं आणि मी रोज ती गिळून रोज ओकत होते.

आता चिरमुरे.

दुसऱ्या दिवशी नाईटच्या सिस्टर म्हणाल्या, सकाळी डोकं उशीवरून उचलायच्या आधी काहीतरी कोरडं तोंडात टाका, रिकाम्या पोटी उठलात की उलटी ठरलेली. बिस्किट आणलं, त्याच्या गोडसर वासानंच नको झालं. टोस्ट आणले, तुपकट. मग हे सकाळी सांगलीतून निघताना भट्टीवरून चिरमुरे घेऊन आले, पहिल्या घाण्याचे, पिशवी अजून कोमट होती. मी आडवी असतानाच त्यांनी एकेक करून माझ्या तोंडात टाकले, मोजून वीस-पंचवीस असतील. वीस मिनिटं तशीच पडून राहिले. आणि राहिले पोटात. महिनाभरात पहिल्यांदा चावलेलं काहीतरी पोटात राहिलं. हे कॉटवर बसले होते, त्यांचे डोळे भरून आले.

का चाललं याचा मी नंतर विचार केला. एक म्हणजे वास नाही. खरंच काही वास नाही, नाक खुपसून बघा. तांदूळ आधी उकडून, मिठाचं पाणी लावून वाळवलेला असतो आणि मग तापलेल्या वाळूत फुलवतात, तेल नाही तूप नाही फोडणी नाही. दुसरं, मीठ. माझ्या अंगातलं मीठ उलट्यांनी गेलं होतं आणि जिभेला खारट हवं होतं, गोडाचा तर तिटकारा. तिसरं, चावायला कष्ट नाहीत, जिभेवर ठेवला की विरघळतो, घसा सोललेला असला तरी टोचत नाही. आणि चौथं, मापात खाता येतात. पोळीचा तुकडा म्हटलं की तो संपवायचं दडपण येतं, चिरमुरे दहा खा नाहीतर तीस खा, कुणी ताटात काय राहिलं ते बघत नाही.

ही भट्टीच का, तर मी बाकीचे पण खाऊन बघितले. मॉलमधला पॅक पुडा आणला, त्याला प्लास्टिकचा वास आणि निम्मे सादळलेले. सादळलेला चिरमुरा दाताला चिकटतो आणि तेवढ्यानं उमासा येतो, एरवी लक्षात पण येत नाही असली गोष्ट. भेळेचे बारीक चिरमुरे आणले, ते कडक, टाळ्याला लागतात. भट्टीचे टपोरे, हलके, भडंगाला वापरतात तसले, आणि रोज ताजे. २५ रुपयांत मोठी पिशवी, माझ्या खाण्यानं तीन दिवस जायची, पण हे दर दिवसाआड नवी आणायचे आणि उरलेले सासूबाई संध्याकाळी घरातल्यांना करून द्यायच्या.

भट्टीवरच्या काकूंनी चौथ्या-पाचव्या खेपेला यांना विचारलं, एवढे साधेच नेताय, घरात लहान पोर आहे का. यांनी सांगितलं. तेव्हापासून त्या आमची पिशवी वेगळी काढून ठेवायच्या, दोनदा चाळून, आणि एकदा स्वतःहून अळणी निम्मे आणि खारे निम्मे मिसळून दिले, म्हणाल्या वहिनींना तोंड आलं असेल तर खारट झोंबेल. खरंच आलं होतं. मी त्यांना तोवर बघितलं पण नव्हतं.

आता अर्धा स्टार. वाळू. दोनदा चाळूनही कधी कधी एखादा कण दाताखाली येतो, आणि मला तेव्हा कचकन झालं की सगळं बाहेर. आम्ही घरी पिठाच्या चाळणीनं परत चाळायचो, मग त्रास नाही झाला. मीठ पण रोज सारखं नसतं. पिशवी पातळ, गाठ मारून देतात, घरी पोचेपर्यंत हवा लागते, म्हणून लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओता. मेमध्ये वळीव पडायला लागला की दमट हवेनं दोन तासांत मऊ पडतात, तेव्हा कोरड्या कढईत मिनिटभर परतून घ्यायचे, पण ते काम दुसऱ्यानं आणि दुसऱ्या खोलीत करायचं.

माझी पद्धत लिहिते, कुणाला उपयोगी पडली तर पडली. डबा उशाशी. पहाटे जाग आली की डोळे मिटूनच एक मूठ. वीस मिनिटं आडवं. मग एका हातावर भार देत हळू उठायचं. चिरमुऱ्याबरोबर पाणी नाही, पाणी अर्ध्या तासानं, तेही घोट घोट, थंड. दर दीड-दोन तासांनी परत मूठभर, भूक लागेपर्यंत थांबायचं नाही, माझं पोट रिकामं झालं की उलटी यायचीच. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करायचा नाही, आंबट पाण्यानं दात मऊ पडलेले असतात, चमचाभर खाण्याचा सोडा पेलाभर पाण्यात घालून नुसती चूळ. चौदाव्या आठवड्यात थंड दह्यात भिजवून चार चमचे गेले, तेव्हा घरात सण असल्यासारखं झालं होतं.

पण एक नीट ऐका. चिरमुऱ्यानं उलट्या थांबल्या नाहीत. गोळीनं आणि सलाईननं वीसवरून पाच-सहावर आल्या, आणि त्या पाच-सहाच्या मधल्या वेळात पोटात काहीतरी ठेवायचं काम चिरमुऱ्यानं केलं. मला परत एकदा, बाराव्या आठवड्यात, ॲडमिट व्हावं लागलं, डबा उशाशी असतानाच. चिरमुरा म्हणजे नुसता तांदूळ आणि मीठ, त्यात प्रोटीन फार नाही, बाळाला त्यानं फार काही मिळणार नाही. ज्यांना बीपी आहे किंवा प्रेग्नन्सीत शुगर निघालीय त्यांनी विचारूनच खा, याच्यानं साखर पटकन वाढते. दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल किंवा चहासारखी गडद होत असेल, उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी येत असेल, उलटीत रक्त दिसलं, तर चिरमुरे बाजूला ठेवा आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात जा. उद्या बघू करू नका.

ओआरएसबद्दल पण सांगायचंय, कारण यात आम्ही फसलो. पहिल्या दवाखान्याच्या खालच्या मेडिकलमधून आम्ही खोक्यातलं तयार पेय आणत होतो, वर ओआरएस लिहिलेलं, मला वाटलं तेच औषध. भयंकर गोड. मी प्यायचे आणि ओकायचे, आणि घरातले म्हणायचे ओआरएस पण राहत नाही हिच्या पोटात. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तो खोका हातात घेऊन मागचं बारीक अक्षर वाचून दाखवलं, साखर किती आणि मीठ किती. खरी पुडी म्हणजे एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, बाकी पोटॅशियम आणि सायट्रेट, पुडीवर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेला असतो. ती फ्रीजमध्ये गार करून, चमच्यानं, दर पाच मिनिटाला एक चमचा. ती राहिली. ऑक्टोबरमध्ये, आमचं बाळ जेमतेम दोन आठवड्यांचं होतं, तेव्हा बातमी आली की एफएसएसएआयनं, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, त्या फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस लिहायलाच बंदी घातली. हैदराबादच्या एक लहान मुलांच्या डॉक्टर त्यासाठी कितीतरी वर्षं भांडत होत्या. हे ती बातमी मोठ्यानं वाचत होते आणि मी बाळाला पाजत होते, मला नुसतं मार्चमधलं ते गोड खोकं आठवत होतं.

अजून एक, ज्या आत्ता यातून जातायत त्यांच्यासाठी. तुमचं काही चुकलेलं नाही. मन खंबीर नाही, पोर नको होतं म्हणून असं होतं, असलं मला तोंडावर बोललेत लोक. डिसेंबर २०२३ मध्ये नेचर मासिकात एक संशोधन आलं, केंब्रिज आणि अमेरिकेतल्या लोकांचं, की जीडीएफ-१५ नावाचं एक हार्मोन बाळाकडून आणि वारेतून आईच्या रक्तात येतं, ते मेंदूत मळमळ उठवतं, आणि जिच्या अंगात गरोदर राहायच्या आधी ते फार कमी असतं तिला ते जास्त बाधतं. म्हणजे रक्तातली गोष्ट आहे ही. मी ते डॉक्टरीणबाईंकडून ऐकलं आणि घरी येऊन सासूबाईंना, जावेला, आईला फोनवर, सगळ्यांना सांगितलं. आई म्हणाली तुझ्या वेळी मला पण असंच झालेलं, पण मला कुणी काही सांगितलंच नाही, मला वाटायचं माझंच काहीतरी. पस्तीस वर्षांनी बोलली ती हे.

विसाव्या आठवड्यात एका सकाळी उठून ब्रश करून बाहेर आले आणि मग लक्षात आलं की आज डब्याला हात लावला नाही. सगळ्यांचं तसं थांबत नाही, वॉर्डात माझ्या शेजारच्या ताईंना पहिल्या खेपेला बाळंत होईपर्यंत चालू होतं, त्यांनी सांगितलं होतं.

मागच्या आठवड्यात बाळाला घेऊन पहिल्यांदा भट्टीवर गेले. काकूंनी ओळखलं नाही, यांना बघून ओळखलं. हातातली चाळण खाली ठेवून बाहेर आल्या, हात पदराला पुसले, बाळाच्या तळव्याला बोट लावलं आणि मला म्हणाल्या, वजन भरलं का गं तुझं. भरलं म्हटलं, ५४ आहे आता. पैसे घेतले पण वर एक ओंजळ जास्त टाकली.

सोमवारी बंद असते. सकाळी नवाच्या आत गेलात तर पहिल्या घाण्याचे मिळतात, घरी आजारी माणूस आहे म्हणून सांगा, चाळून देतात.